संगणकाची नाडी कशी पाहावी?

आजारी माणसाला तपासताना वैद्य आधी नाडी पाहतो, तापमापक लावतो, जीभ बघतो. औषध लिहून देण्याची पाळी त्यानंतर येते. मोटार दुरुस्त करणारा अनुभवी मेस्त्रीदेखील आधी इंजिनाचा आवाज ऐकतो आणि मगच पाना हाती घेतो. संगणकाच्या बाबतीत मात्र आपण निराळे वागतो. संगणक हळू चालू लागला की कोणी तो बंद करून पुन्हा सुरू करतो, कोणी 'व्हायरस शिरला' असे जाहीर करून मोकळा होतो, तर कोणी वेग वाढवण्याचे आश्वासन देणारा एखादा अनोळखी प्रोग्राम आणून त्यात बसवतो. यांपैकी एकाही उपायाच्या आधी निरीक्षण झालेले नसते.

विशेष असे की, निरीक्षणासाठी लागणारी साधने बाहेरून आणावी लागत नाहीत. शाळेत, बँकेत, घरोघरी जे संगणक दिसतात त्यांपैकी पुष्कळांवर मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज' ही कार्यप्रणाली असते. या कार्यप्रणालीबरोबरच नाडी पाहण्याची, तापमान मोजण्याची आणि झालेल्या घटनांची रोजनिशी वाचण्याची साधनेही येतात. त्यांना व्यवस्थापनाची साधने म्हणतात. ती कशी उघडावीत, त्यांत काय दिसते आणि जे दिसते त्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार आपण या लेखात करू. यांतील तिसरा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. तो का, हे लेखाच्या उत्तरार्धात स्पष्ट होईल.

साधने कोठे असतात?

संगणकाच्या 'सी' या विभागात 'विंडोज' नावाचा कप्पा असतो आणि त्यात 'सिस्टिम ३२' नावाचा उपकप्पा असतो. बहुतेक साधने या उपकप्प्यात राहतात. यांतील काहींचा इतिहास बराच जुना आहे. १९९३ साली मायक्रोसॉफ्टने 'विंडोज एनटी' ही प्रणाली बाजारात आणली. डेव्ह कटलर हे तिच्या रचनाकारांचे प्रमुख होते. घटनांची नोंद वाचण्याचे 'इव्हेंट व्ह्यूअर' हे साधन त्या पहिल्या आवृत्तीतच होते. 'टास्क मॅनेजर' १९९६ च्या 'विंडोज एनटी ४' मध्ये आला. पुढे 'विंडोज २०००' या आवृत्तीत अनेक साधने एकाच प्रकारच्या चौकटीत बसवण्यात आली. या चौकटीत उघडणाऱ्या साधनांच्या नावापुढे टिंब देऊन 'एम-एस-सी' ही तीन अक्षरे लिहिलेली असतात.

या साधनांची मूळ नावे मोठी गमतीदार आहेत. 'इव्हेंट व्ह्यूअर'चे आतले नाव लिहिताना दुसऱ्या शब्दातील स्वर गाळलेले आहेत. 'डिस्क मॅनेजमेंट'चीही तीच गत. याचे कारण असे की, १९८१ सालच्या 'डॉस' या जुन्या कार्यप्रणालीत फाइलच्या नावाला जास्तीत जास्त आठ अक्षरे आणि टिंबानंतर तीन अक्षरे एवढीच जागा होती. मोठी नावे या मापात बसवण्यासाठी स्वर गाळावे लागत. पुढे ही मर्यादा गेली, पण जुन्या वळणाची आठ अक्षरी नावे आजही चालू आहेत.

चार वाटा

एखादे साधन उघडण्याच्या निदान चार वाटा आहेत.

पहिली वाट : 'स्टार्ट' कळ दाबून साधनाचे पूर्ण नाव इंग्रजीत लिहू लागावे. दोन-चार अक्षरे होताच नाव यादीत दिसू लागते.

दुसरी वाट : 'स्टार्ट' बटणावर माउसची उजवी कळ दाबावी, किंवा कळफलकावरील विंडोज कळ व 'एक्स' या कळा एकदम दाबाव्यात. पडद्याच्या कोपऱ्यात एक यादी उघडते. टास्क मॅनेजर, इव्हेंट व्ह्यूअर, डिव्हाइस मॅनेजर, डिस्क मॅनेजमेंट अशी नेहमी लागणारी साधने तिच्यात एकत्र दिलेली आहेत. ही सोय २०१२ च्या 'विंडोज ८' पासून आली.

तिसरी वाट : सर्व साधने एका कप्प्यात मांडलेलीही असतात. 'विंडोज ११' मध्ये त्या कप्प्याचे नाव 'विंडोज टूल्स' असे आहे. 'विंडोज १०' मध्ये ते 'विंडोज ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टूल्स' असे होते.

चौथी वाट : विंडोज कळ व 'आर' या कळा एकदम दाबाव्यात. 'रन' नावाची लहानशी चौकट उघडते. तिच्यात साधनाचे आखूड नाव लिहून 'एंटर' कळ दाबली की साधन समोर येते. ही वाट सर्वांत जलद आहे आणि विंडोजच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांत जवळजवळ सारखीच चालते. म्हणून तंत्रज्ञ तिचाच उपयोग करतात.

नेहमीच्या साधनांची आखूड नावे पुढे दिली आहेत. अक्षरे इंग्रजी आहेत. ती सलग लिहावीत. येथे दाखवलेल्या आडव्या रेघा लिहू नयेत. अंकही इंग्रजीच लिहावेत.

१. विंडोजची आवृत्ती पाहणे : डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर
२. टास्क मॅनेजर (चालू कामांची यादी) : टी-ए-एस-के-एम-जी-आर
३. इव्हेंट व्ह्यूअर (घटनांची रोजनिशी) : ई-व्ही-ई-एन-टी-व्ही-डब्ल्यू-आर
४. सिस्टिम इन्फर्मेशन (यंत्राची माहिती) : एम-एस-आय-एन-एफ-ओ-३-२
५. डिव्हाइस मॅनेजर (जोडलेली उपकरणे) : डी-ई-व्ही-एम-जी-एम-टी, टिंब, एम-एस-सी
६. डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे विभाग) : डी-आय-एस-के-एम-जी-एम-टी, टिंब, एम-एस-सी
७. सर्व्हिसेस (पडद्याआड चालणारी कामे) : एस-ई-आर-व्ही-आय-सी-ई-एस, टिंब, एम-एस-सी

सुरुवात यादीतील पहिल्या नावाने करावी. त्यातून फक्त एक लहान पाटी उघडते व तिच्यावर विंडोजची आवृत्ती लिहिलेली असते. तिथे बिघडण्यासारखे काहीच नाही. नाव लिहिताना एखादे अक्षर चुकले तरी भिण्याचे कारण नाही. 'अशी वस्तू सापडत नाही' एवढेच संगणक सांगतो.

पाहणे वेगळे, बदलणे वेगळे

तापमापक लावल्याने रुग्णाचा ताप वाढत नाही. पण शस्त्रक्रियेची सुरी हाती असेल तर गोष्ट वेगळी. आपल्या साधनांतही हे दोन प्रकार आहेत. आवृत्तीची पाटी आणि 'सिस्टिम इन्फर्मेशन' ही केवळ पाहण्याची साधने होत. 'डिस्क मॅनेजमेंट' आणि 'सर्व्हिसेस' यांत पाहताही येते आणि बदलताही येते. तेथे 'फॉरमॅट' किंवा 'डिलीट व्हॉल्यूम' या शब्दांवर बोट पडले व पुढच्या प्रश्नाला 'होय' म्हटले, तर वर्षभराचे काम जाऊ शकते.

म्हणूनच विंडोजमध्ये वापरणाऱ्यांचे दोन दर्जे ठेवलेले आहेत. एक साधा वापरकर्ता आणि दुसरा व्यवस्थापक, म्हणजेच 'ॲडमिनिस्ट्रेटर'. २००७ मध्ये आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'पासून, महत्त्वाचा बदल करण्यापूर्वी संगणक परवानगी विचारतो. बहुधा या वेळी पडदा अंधुक होतो आणि साध्या वापरकर्त्याला व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द मागितला जातो. शाळेतील संगणकावर डिस्क मॅनेजमेंट उघडले नाही तर तो बिघाड समजू नये. तिथे मुद्दाम कुलूप लावलेले असते. अशा वेळी शिक्षकांना सांगून त्यांच्या देखत ते साधन पाहावे.

विद्यार्थ्यांनी तीन नियम पाळावेत. आधी नुसते पाहा. पाहिलेले वहीत लिहा. आणि बदल करण्याची वेळ आलीच तर एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम पाहा. दोन बदल एकदम केले तर गुण कशाने आला हे कधीच कळत नाही. हा नियम रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जितका खरा, तितकाच येथेही.

पहिले निरीक्षण : टास्क मॅनेजर

'कंट्रोल', 'शिफ्ट' आणि 'एस्केप' या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर थेट उघडतो. संगणकावर या क्षणी कोणकोणती कामे चालू आहेत आणि प्रत्येक काम प्रक्रियकाचा, स्मृतीचा व डिस्कचा किती वाटा घेत आहे, हे त्यात दिसते. 'सीपीयू' या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वांत जास्त वाटा घेणारे काम वर येते. संगणक हळू का चालतो, याचे उत्तर पुष्कळदा येथेच मिळते.

आता 'डीटेल्स' हा भाग उघडून पाहा. तेथे 'सिस्टिम आयडल प्रोसेस' असे एक नाव आढळेल आणि त्यापुढे बहुधा ९० च्या वरचा आकडा असेल. नवख्या माणसाला वाटते की, हेच काम संगणकाची सगळी शक्ती खात आहे! वस्तुस्थिती अगदी उलट आहे. 'आयडल' म्हणजे रिकामा. प्रक्रियकाला काम नसते तो वेळ या नावाखाली मांडला जातो. तेव्हा येथे ९५ चा आकडा दिसला तर शंभरातले पंचाण्णव भाग प्रक्रियक मोकळा बसला आहे असे समजावे. हा आकडा शून्याजवळ आला तर मात्र काळजी करावी. आकडा वाचणे आणि आकड्याचा अर्थ कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, याचे हे पहिले उदाहरण.

दुसरी गंमत प्रयोगानेच पाहावी. 'परफॉर्मन्स' या भागात 'सीपीयू' निवडले की खाली 'अप टाइम' दिसतो. संगणक किती दिवस, तास, मिनिटे व सेकंद सतत चालू आहे, याचा हा काळ होय. तो लिहून घ्या. संगणक 'शट डाऊन' करा, पाच मिनिटांनी सुरू करा आणि पुन्हा पाहा. पुष्कळ संगणकांवर हा काळ शून्यापासून सुरू झालेला नसतो! आता 'रिस्टार्ट' करून पाहा. या वेळी मात्र मोजणी नव्याने सुरू झालेली दिसेल.

असे का व्हावे? 'विंडोज ८' पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची एक सोय आहे. ती चालू असेल तर शट डाऊन करताना तुमचे प्रोग्राम बंद होतात, पण कार्यप्रणालीच्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जशीच्या तशी लिहून ठेवली जाते. पुढच्या वेळी गाभा नव्याने उभा न करता तीच स्थिती वाचून घेतली जाते. त्यामुळे संगणक लवकर सुरू होतो, पण गाभ्यात काही गुंता झालेला असेल तर तोही परत येतो. रिस्टार्ट करताना हा जुना ठेवा वापरला जात नाही. सर्व काही नव्याने सुरू होते. 'एकदा रिस्टार्ट करून पाहा' हा तंत्रज्ञांचा सल्ला त्यामुळे शास्त्रीय आहे, आणि तेथे शट डाऊन का चालत नाही हेही तुमच्या ध्यानात आले असेल.

दुसरे निरीक्षण : डिस्क मॅनेजमेंट

हे साधन शिक्षकांच्या उपस्थितीत उघडावे. संगणकातील प्रत्येक डिस्क आडव्या पट्टीच्या रूपाने दिसते व पट्टीचे भाग म्हणजे डिस्कचे विभाग. काही लहान विभागांना 'सी', 'डी' असे अक्षर दिलेले नसते. ती जागा वाया गेली आहे असे समजून ते विभाग पुसू नयेत. संगणक सुरू करण्यासाठी व बिघाडानंतर सावरण्यासाठी लागणारी सामग्री त्यांत असते.

विभागावर 'हेल्दी' असा शब्द दिसतो. विभाग ठीकपणे वापरता येत आहे, एवढाच त्याचा अर्थ. डिस्क पुढे कधी बिघडणारच नाही, अशी ती हमी नव्हे. महत्त्वाच्या फाइलींची दुसरी प्रत ठेवण्याचे काम त्यामुळे टळत नाही.

येथे एक लहानसे गणित करता येईल. डिस्कच्या वेष्टनावर ५०० जीबी असे छापलेले असते, पण विंडोज सुमारे ४६५ जीबी दाखवते. मग ३५ जीबी कोणी पळवले? कोणीही नाही. डिस्क बनवणारे १ जीबी म्हणजे १,००,००,००,००० बाइट असे मोजतात. विंडोज मात्र दोनाचा तिसावा घात, म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट यांना १ जीबी म्हणते. ५०० ला १,००,००,००,००० ने गुणून १,०७,३७,४१,८२४ ने भागा, उत्तर ४६५.६६ येते. वस्तू तीच, मोजण्याचे माप वेगळे.

तिसरे निरीक्षण : इव्हेंट व्ह्यूअर

आगगाडीचा गार्ड प्रवासातील घटना वेळेसह लिहून ठेवतो. विंडोजही तशीच रोजनिशी लिहीत असते. इव्हेंट व्ह्यूअर उघडून डाव्या बाजूला 'विंडोज लॉग्ज' व त्याखाली 'सिस्टिम' निवडा. मध्यभागी हजारो नोंदींची यादी दिसेल. प्रत्येक नोंदीत दर्जा, तारीख, वेळ, नोंद कोणी केली त्याचे नाव आणि घटनेचा क्रमांक असतो. दर्जे मुख्यतः चार आहेत : 'इन्फर्मेशन' म्हणजे माहिती, 'वॉर्निंग' म्हणजे इशारा, 'एरर' म्हणजे चूक आणि 'क्रिटिकल' म्हणजे गंभीर.

हजारो नोंदींतून हवी ती कशी शोधावी? उजव्या बाजूला 'फिल्टर करंट लॉग' असे शब्द आहेत. ती गाळणी होय. तिच्यात घटनेचा क्रमांक लिहिला की तेवढ्याच नोंदी उरतात. शेजारच्या 'क्लिअर लॉग' या शब्दांना मात्र हात लावू नये. त्यामुळे सारी रोजनिशी पुसली जाते.

आपण ४१ आणि ६००८ हे दोन क्रमांक घेऊ. संगणक रीतसर बंद न होता एकाएकी बंद पडला, असे हे दोन्ही क्रमांक सांगतात. आता विचार करा : वीज गेली त्या क्षणी ही नोंद कोण करणार? संगणक तर बंद पडला! उत्तर असे की, नोंद पुढच्या वेळी संगणक सुरू होताना केली जाते. मागचा शेवट रीतसर झाल्याची खूण सापडली नाही, की विंडोज तशी नोंद करते. ६००८ च्या मजकुरात मात्र संगणक केव्हा बंद पडला ती वेळही दिलेली असते. त्यासाठी चालू असताना संगणक अधूनमधून वेळेची खूण ठेवत असतो. म्हणून या नोंदीत दोन वेळा मिळतात : एक नोंद केल्याची, दुसरी बंद पडल्याची.

याचा उपयोग कसा होतो ते पाहा. समजा, शाळेच्या संगणक-खोलीत दहा संगणक आहेत आणि 'संगणक मध्येच बंद पडतात' अशी तक्रार आहे. प्रत्येक संगणकावर ६००८ च्या नोंदी काढा आणि बंद पडल्याच्या वेळांचा तक्ता करा. दहाही संगणकांवर जवळजवळ एकच वेळ दिसली तर दोष बाहेरच्या विजेचा. एकाच बाकावरील तीन संगणकांवर तीच वेळ असेल तर त्या बाकाचा बोर्ड किंवा वायर तपासावी. आणि एकाच संगणकावर अशा नोंदी वारंवार असतील, तर त्या संगणकाचा वीजपुरवठा-संच किंवा खूप तापणारा भाग यांवर संशय घ्यावा. पाना न उचलता, एक रुपयाही न खर्चता, दोष कोठे शोधायचा ते कळले. एका नोंदीने हे कळले नसते, तुलनेने कळले.

निरोगी संगणकालाही चुका असतात

आता थोडे थांबून एका महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. अगदी व्यवस्थित चालणाऱ्या, नव्या संगणकावर इव्हेंट व्ह्यूअर उघडा. तेथेही लाल खुणेच्या चुका आणि पिवळ्या खुणेचे इशारे दिसतील. एखादी सेवा सुरू व्हायला क्षणभर उशीर झाला, जाळ्याशी संपर्क पहिल्या प्रयत्नात झाला नाही, की नोंद होते. दुसऱ्या प्रयत्नात काम होतेही, पण आधीची नोंद तशीच राहते.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह इव्हेंट्स' नावाचे एक तयार पान आहे. निरनिराळ्या नोंदींतून फक्त इशारे, चुका व गंभीर घटना तेवढ्या वेचून ते दाखवते. हजेरीपटातून केवळ गैरहजर मुलांची वर्षभराची यादी काढावी, तसे हे आहे. ती यादी वाचणाऱ्याला वाटेल की, या शाळेत कोणी येतच नाही!

या अज्ञानाचा फायदा घेणारे लोक जगात आहेत. त्यांची रीत ठरलेली असते. घरी दूरध्वनी येतो. 'आम्ही मायक्रोसॉफ्टकडून बोलतो. तुमच्या संगणकात विषाणू शिरल्याचे आमच्याकडे समजले आहे. खात्री करून घ्यायची का? विंडोज आणि आर या कळा दाबा...' मग तो माणूस तुम्हांला इव्हेंट व्ह्यूअरचे नाव एकेक अक्षर सांगून लिहायला लावतो. पडद्यावर लाल-पिवळ्या खुणांची रांग उभी राहते. साधन खरे, नोंदी खऱ्या. खोटा असतो तो सांगितलेला अर्थ. घाबरलेला माणूस त्याच्या सांगण्यावरून एक प्रोग्राम उतरवून घेतो, संगणकाचा ताबा दूरवरच्या परक्या हातांत देतो आणि 'दुरुस्ती'चे पैसेही भरतो.

ही कल्पनेतली गोष्ट नव्हे. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने अशा टोळ्यांविरुद्ध सहा खटले दाखल केल्याचे जाहीर केले. अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांतील हजारो लोक त्यांना फसले होते आणि हे दूरध्वनी मुख्यत्वे भारतातून केले जात होते. ही आपल्याला विचार करायला लावणारी बाब आहे. आज भारतातील लोकांनाही निरनिराळ्या सोंगांनी असेच गंडवले जाते. मायक्रोसॉफ्ट आपण होऊन कोणालाही असा दूरध्वनी करत नाही, हे पक्के लक्षात ठेवावे. फसवणूक झालीच तर आपल्या देशात १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवता येते.

एकच क्रमांक, सारे संगणक

या ठकांची आणखी एक युक्ती शास्त्राच्या विद्यार्थ्यांनी जरूर तपासावी अशी आहे. 'रन' चौकटीत सी-एम-डी लिहिले की काळा पडदा उघडतो. त्याला 'कमांड प्रॉम्प्ट' म्हणतात. तेथे ए-एस-एस-ओ-सी असे लिहिले की, कोणत्या प्रकारची फाइल कोणत्या प्रोग्रामने उघडायची याची लांबलचक यादी सरकत जाते. यादीच्या शेवटाकडे एक लांब क्रमांक असतो. त्याची सुरुवात ८८८ डीसीए ६० अशी होते. ठक म्हणतो, 'हा तुमच्या संगणकाचा खास परवाना क्रमांक. मी तो आधीच वाचून दाखवतो, पडताळून पाहा!' क्रमांक तंतोतंत जुळतो आणि ऐकणाऱ्याचा विश्वास बसतो.

हा क्रमांक खरोखरच तुमच्या एकट्याच्या संगणकाचा आहे का? हे ठरवण्यासाठी काय करावे? शेजारच्या संगणकावर तीच आज्ञा देऊन पाहावी. तेथेही तोच क्रमांक दिसतो! फाइली दाबून एकत्र बांधण्याच्या सोयीतील एका भागाची ती ओळख आहे आणि ती सर्व विंडोज संगणकांवर सारखीच असते. 'तुमच्या गावात सूर्य पूर्वेला उगवतो हे मला ठाऊक आहे' असे सांगून एखाद्या ज्योतिषाने दक्षिणा मागावी, त्यातलाच हा प्रकार.

जीवशास्त्राच्या प्रयोगात आपण एका कुंडीला खत घालतो आणि दुसरी कुंडी तशीच ठेवतो. दुसरी कुंडी नसेल तर पहिलीचा अर्थ लागत नाही. येथे शेजारचा संगणक ही आपली दुसरी कुंडी. निरोगी माणसाचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तापमापकावरील कोणताही आकडा दाखवून भिववता येईल. ज्याला ते ठाऊक आहे, त्याला असे भिववता येत नाही. साधन उघडण्याची रीत एका मिनिटात शिकता येते. 'नेहमीचे' म्हणजे काय हे मात्र संगणक चांगला चालत असतानाच पाहून ठेवावे लागते.

करून पाहा

१. शाळेतील एका संगणकासाठी नोंदवही घाला. विंडोजची आवृत्ती, स्मृतीचे आकारमान, डिस्कचे आकारमान ही माहिती सिस्टिम इन्फर्मेशनमधून लिहून घ्या. विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. तुमच्या संगणकावर कोणती आवृत्ती आहे ते शिक्षकांना दाखवा.

२. संगणक ठीक चालत असताना, एकही प्रोग्राम न उघडता, टास्क मॅनेजरमधील प्रक्रियक व स्मृती यांचे आकडे आठवडाभर रोज एकाच वेळी लिहा. हे तुमच्या संगणकाचे 'नेहमीचे तापमान' झाले.

३. शट डाऊन व रिस्टार्ट यांनंतरचा 'अप टाइम' तपासा. दोन्ही वेळा मोजणी शून्यापासून सुरू झाली, तर तुमच्या संगणकावर फास्ट स्टार्टअप बंद असले पाहिजे, असा तर्क का करता येतो?

४. दोन चांगल्या संगणकांवर गेल्या सात दिवसांतील 'एरर' दर्जाच्या नोंदी मोजा. दोन्हींत सारख्या आढळणाऱ्या नोंदी कोणत्या?

५. १ टीबी, म्हणजे १,००० जीबी छापलेली डिस्क विंडोजमध्ये सुमारे किती जीबी दिसेल? आधी गणित करा, मग शक्य असल्यास ताळा पाहा.

शिक्षकांसाठी : तिसरा व चौथा प्रयोग साध्या वापरकर्त्याच्या खात्यावरून करता येतात, मुलांना व्यवस्थापकाचा परवलीचा शब्द देण्याची गरज नाही. चौथ्या प्रयोगाचा तक्ता मुलांनी घरी जाऊन आईवडिलांना व आजी-आजोबांना अवश्य दाखवावा. ठकाचा दूरध्वनी घरातल्या कोणालाही येऊ शकतो. त्या वेळी लाल खुणा याआधी पाहिलेले कोणी घरात असेल, तर तो प्रसंग तेथेच संपेल.